पाटण-कराडकडं पार्किंगवाली बिल्डिंग डिझाईन करताय? मग अ‍ॅनालिसिस असं करा
११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतोय, त्यामुळं नुसता स्टॅटिक हिशेब (भूकंपाचा जोर एक ठरावीक आडवा भार धरून) करून थांबू नका राव. आधी भूकंपाचा झोन बघा, आयएस १८९३ (भूकंपासाठीचा भारतीय कोड) च्या २०१६ च्या आवृत्तीत झोन ४ ला झोन फॅक्टर ०.२४ दिलाय. मग मॉडेलमध्ये तडा गेलेला सेक्शन घ्या, म्हणजे कॉलमचा इनर्शिया (वाकायला होणारा विरोध) अख्ख्या सेक्शनच्या ७० टक्के आणि बीमचा ३५ टक्के, हे विसरलं की बिल्डिंग आहे त्यापेक्षा ताठ दिसते आणि हलणं कमी येतं.

रिस्पॉन्स स्पेक्ट्रम (बिल्डिंगच्या हलण्यावरून भूकंपाचा जोर काढायची पद्धत) लावताना मोड, म्हणजे हलण्याचे प्रकार, इतके घ्या की ९० टक्के मास त्यात आलं पाहिजे, आणि बेस शिअर (पायथ्याशी येणारा एकूण आडवा जोर) स्टॅटिकपेक्षा कमी आला तर तो वाढवून घ्यायचा.

आता खरा घोळ, पार्किंग. वर विटांच्या भिंती, खाली नुसते खांब, म्हणजे खालचा मजला मऊ! भिंती नुसतं वजन म्हणून टाकू नका, तिरका स्ट्रट (दाब घेणारा दांडा) म्हणून टाका, मगच हा मऊपणा दिसतो. शक्यतो खाली शिअर वॉल (आडवा जोर घेणारी काँक्रीटची भिंत) द्याच. शेवटी पुशओव्हर (मॉडेल आडवं ढकलत नेऊन बघायची चाचणी) करून बघा, हिंज (सळई ताणून सांधा वाकतो त्या जागा) आधी बीममध्ये यायला हवेत, खालच्या कॉलममध्ये आले तर कॉलम वाढवा. आणि साईटवर कॉलम-बीमच्या सळयांभोवतीच्या रिंगचे हुक १३५ अंशात वाकवलेत का ते स्लॅबआधी स्वतः जाऊन बघा.