कमी खर्चात पहिला फिश टँक: आधी फिल्टर मुरू द्या

पैसे वाचवायला लोक सगळ्यात छोटी टाकी घेतात आणि तिथेच फसतात. थोड्या पाण्यात घाण झपाट्याने साठते, तापमानही पटकन वरखाली होतं. गोल बाऊल तर नकोच. ६० × ३० × ३० सेंटिमीटरची साधी काचेची टाकी घ्या. वापरलेली चालेल, फक्त एक दिवस भरून ठेवून गळते का ते बघा. भरल्यावर वजन ६० किलोच्या आसपास जातं, त्यामुळे टेबल भक्कम हवं. खाली थर्माकोलची शीट घाला. ऊन येईल अशी जागा टाळा, नाहीतर शेवाळ काढत बसाल.

स्पंज फिल्टर आणि छोटा एअर पंप पुरतो. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं.

खडी निवळ पाणी येईपर्यंत धुवा, साबण न लावता. चार सेंटिमीटरचा थर द्या, त्यावर बशी ठेवून पाणी भरा आणि अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातला क्लोरीन निष्प्रभ करणारं द्रावण) टाका. पाणी चोवीस तास उघडं ठेवलं की क्लोरीन उडतो, पण क्लोरामाइन (काही ठिकाणी नळाच्या पाण्यात क्लोरीनऐवजी हे असतं) उडत नाही.

आता खरी गोम. ‘दोन दिवस फिल्टर चालवा आणि मासे सोडा’ हा सल्ला ज्याने दिला असेल, त्याचं पुढचं काहीच ऐकू नका. पाणी स्वच्छ दिसणं आणि टाकी तयार असणं यांचा काही संबंध नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषारी, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू पाण्यात नाही, स्पंजवर आणि खडीवर वसतात, आणि त्यांना जम बसवायला चार ते सहा आठवडे लागतात.

मासे न सोडता या जिवाणूंना खायला द्यायचं. शुद्ध अमोनियम क्लोराईड ३ ग्रॅम घ्या, १०० मिली पाण्यात विरघळवा. यातलं १० मिली द्रावण ५० लिटरला टाकलं की अमोनिया साधारण २ पीपीएमवर (लिटरमागे २ मिलिग्रॅम) येतो. एक दिवसाआड ड्रॉपवाल्या टेस्ट किटने मोजा. सजावटीचा किल्ला नाही घेतला तरी चालेल, किट घ्याच. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा तेवढाच डोस द्या.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नायट्राइट चढतं आणि तिथेच अडकून बसतं. टेस्ट ट्यूब दर वेळी जांभळीच. बहुतेकांचा धीर इथे सुटतो. मग ते सगळं पाणी ओततात, स्पंज नळाखाली खळखळून धुतात, आणि नळाच्या क्लोरीनने जमलेले जिवाणू मरतात. पुन्हा पहिला दिवस! नायट्राइट ५ पीपीएमच्या वर गेलं तर अर्धं पाणी बदला, नव्या पाण्यात अँटी-क्लोरीन टाका, डोस थांबवा, स्पंजला हात लावू नका. पीएचही (पाणी किती आम्लधर्मी आहे ते) तपासा. ६.५ च्या खाली गेला की हे जिवाणू मंदावतात, आणि तेव्हाही पाणी बदलणं हाच उपाय. मधे पाणी दुधाळ झालं तर होऊ द्या, आपोआप निवळतं.

२ पीपीएमचा डोस दिल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, तरच टाकी तयार. दिवस मोजून ठरवू नका. घाई असेल तर कुणाच्या तरी निरोगी, जुन्या टाकीतला स्पंज मागून आणा आणि ओला ठेवूनच आणा. बाटलीतल्या जिवाणूंनी कधी फरक पडतो, कधी नाही. किटवर मोजल्याशिवाय त्यांच्या भरवशावर मासे आणू नका.

मासे आणण्याआधी पाऊण टाकी पाणी बदला, म्हणजे साठलेलं नायट्रेट जाईल. सुरुवात सहा झेब्रा डॅनिओंनी करा. गप्पी हवे असतील तर फक्त नर, नाहीतर पिल्लांनी टाकी भरेल. गोल्डफिश या टाकीत नको, तो फार मोठा होतो. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच.

दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. स्पंज तुंबला तर त्याच काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळून परत लावा.