पावती गेली कुठे?

पहिल्या नोकरीतलं माझं पहिलं काम: पालकांनी शाळेची फी भरली की पावतीची पीडीएफ सर्व्हरवर तयार करून ठेवायची. नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) पाचदहा ओळी. लॅपटॉपवर झकास चाललं. सर्व्हरवर चढवलं तर फोल्डर रिकामं, आणि लॉगमध्ये एकही एरर नाही.

दुपारभर डोकं खाजवल्यावर सीनियर म्हणाला, “अरे, तुझा प्रोग्राम कुठे उभा राहून लिहितोय ते बघितलंस का?” मी पाथ, म्हणजे फाइल ठेवायचा पत्ता, दिला होता नुसता ‘पावत्या’. असा अर्धा पाथ कोडच्या फोल्डरपासून मोजला जात नाही, प्रोग्राम जिथून सुरू झाला तिथून मोजला जातो. लॅपटॉपवर मी प्रोजेक्टमध्येच बसून कमांड द्यायचो, म्हणून जमत होतं. सर्व्हरवर सिस्टमडी (लिनक्सवर प्रोग्राम आपोआप सुरू करणारी यंत्रणा) तो सुरू करायचा, आणि सिस्टमडीला वेगळं काही सांगितलं नाही तर तो थेट रूट, म्हणजे सगळ्यात वरच्या, फोल्डरपासून सुरुवात करतो. ‘फोल्डर नसेल तर बनव’ हेही मीच लिहिलेलं, त्यामुळे पावत्या निमूटपणे तिथे साचत होत्या. तेव्हापासून पूर्ण पाथ कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये).

तिथे लिहिता आलं म्हणजे प्रोग्राम रूट युजर (सगळे अधिकार असलेला) म्हणून चालत होता, ही आणखी एक बोंब. साधा युजर दिला, तर लगेच ‘परमिशन डिनाइड’. अशा वेळी हमखास कुणीतरी ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) करून टाकायला सांगतं. करू नका. फोल्डर त्या युजरच्या मालकीचं केलं की भागतं.

खरा घाम काढला तो नावांनी. फाइलला मी विद्यार्थ्याचं आणि शाळेचं नाव देत होतो, तेही मराठीत, हौसेने. एकाच नावाच्या दोन मुली निघाल्या आणि दुसरीची पावती पहिलीच्या पावतीवर बसली. आधीची फाइल पुसून लिहिणं हेच नेहमीचं वागणं. ‘डब्ल्यूएक्स’ फ्लॅग (फाइल आधीच असेल तर लिहू नको, असं सांगणारा) दिला असता तर निदान एरर आली असती. मग एका लांबलचक नावाच्या शाळेची फाइल बनेचना. ईएक्सटी४ (लिनक्सची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) वर फाइलचं नाव २५५ बाइटपर्यंतच चालतं, आणि यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचा प्रत्येक तुकडा ३ बाइट खातो. ‘श्री’ म्हणजे श, हलन्त, र आणि वेलांटी: एवढ्याशा अक्षराला १२ बाइट! असे जेमतेम ८५ तुकडे बसतात. शेवटी फाइलला पावती क्रमांक दिला, नाव डेटाबेसमध्ये ठेवलं. क्रमांकातही ‘२३/२४’ असा तिरका दांडा होता, तो काढावा लागला. नाहीतर लिनक्स त्याला फोल्डर समजतो. युजरने टाइप केलेला मजकूर फाइलच्या नावात जाऊच देऊ नका, दोन टिंबं (म्हणजे ‘एक फोल्डर वर जा’) आणि दांडा वापरून कुणीही भलत्याच फोल्डरमध्ये घुसू शकतो.

अर्धवट पीडीएफची तक्रार सर्वांत शेवटी आली. फाइल लिहून होण्याआधीच पालक डाउनलोड करत होते. आता आधी तात्पुरत्या नावाने लिहितो, पूर्ण झाली की रिनेम. तात्पुरती फाइल मात्र त्याच फोल्डरमध्ये ठेवायची. मी ती टेम्पमध्ये, म्हणजे सिस्टमच्या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये, ठेवली होती. आमच्या सर्व्हरवर टेम्पचं पार्टिशन (डिस्कचा भाग) वेगळं, आणि एका पार्टिशनवरून दुसऱ्यावर रिनेम होत नाही, त्यामुळे ते फसलं आणि त्या रात्री पुन्हा जागरण.