साक्ष द्यायला गेलो आणि मित्र गमावला: सुवार्ता सांगताना या चुका टाळा

रेल्वेत नोकरीला होतो तेव्हा शेजारच्या टेबलावर बारा वर्षं एकच माणूस बसायचा. डबा रोज सोबत. त्याचे वडील गेले आणि तेरवी व्हायच्या आत मी त्याच्या हातात एक पत्रक ठेवलं. वर लाल अक्षरांत छापलं होतं, ‘मृत्यूनंतर तुम्ही कुठे जाणार?’ त्याने ते वाचलं, चार घड्या घातल्या, टेबलाच्या काचेखाली सरकवलं आणि म्हणाला, “ठीक आहे भाऊ.” पुढचं दीड वर्ष तो डबा घेऊन दुसऱ्या खोलीत जात होता. आणि मी? त्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांना सांगितला, की ‘बी पेरलं’.

आता निवृत्त झालोय, चर्चच्या तरुण संघाचा वर्ग घेतो. मुलं दरवर्षी विचारतात, “अंकल, लोकांना नेमकं काय सांगायचं?” काय सांगायचं ते रविवार शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. बिघडतं ते सांगणाऱ्याच्या स्वभावात. त्यातल्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत, त्यामुळे हे अनुभवाचे बोल आहेत, उपदेश नाही.

ऐकायच्या आधी बोलणे

सगळ्यात मोठी चूक हीच. समोरचा अर्धं वाक्य बोलला की आपल्याला वचन आठवतं, आणि एकदा आठवलं की ते तोंडात राहत नाही. बायबलमध्ये याकोबाने ऐकायला तत्पर आणि बोलायला धीमे असा असं लिहिलंय. आपण नेमकं उलट वागतो. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात येशूचा अनुयायी फिलिप्प एका कूशी, म्हणजे आफ्रिकेतल्या, अधिकाऱ्याच्या रथाजवळ धावत जातो आणि पहिला प्रश्न काय विचारतो? ‘वाचता ते समजतं का?’ तो माणूस काय वाचतोय ते फिलिप्पाने आधी कान देऊन ऐकलं, म्हणून तर हा प्रश्न सुचला. मग त्या माणसाने त्याला रथात बोलावलं. फिलिप्प आपणहून चढला नाही.

आपल्या नागपूरचंच उदाहरण घ्या. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा प्रवासी. दोघांच्या गप्पा सुरू झाल्या त्या संस्कृत काव्यावरून. धर्माचा विषय नंतर निघाला, आणि उतरताना त्या माणसाने टिळकांना नवा करार दिला. टिळक काही लगेच भारावले नाहीत. वाचता वाचता येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी अडकले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मराठी उपासनेत आपण ज्यांची भजनं म्हणतो त्या माणसाची ही गोष्ट सुरू झाली ती एका अनोळखी प्रवाशाच्या अदबीमुळे. तो प्रवासी कोण होता, हे टिळकांना कळलं नव्हतं. मला विचाराल तर यातलं सगळ्यात सुंदर हेच.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी तर इथे अठरा वर्षं राहिला. 1845 मध्ये नागपुरात आला, मराठी शिकला, गोंडांमध्ये फिरला आणि त्यांच्या लिंगो या आदिपुरुषाचं गाणं त्यांच्याच तोंडून उतरवून घेतलं. ते छापून आलं 1866 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. टाकळघाटाजवळची दगडांची जुनी वर्तुळं पाहून रात्री परतताना 4 सप्टेंबर 1863 रोजी तो ओढ्याच्या पुरात वाहून गेला. इथल्या खडकांचा त्याचा अभ्यास इतका होता की एका खनिजाला हिस्लॉपाइट हे नाव मिळालं. सुवार्ता सांगायला आलेला माणूस आधी इथले दगड, इथली भाषा, इथली गाणी ऐकत बसला. आपल्याला तर शेजाऱ्याच्या मुलीची बारावी कोणत्या शाखेतून झाली तेही ठाऊक नसतं.

दुरुस्ती सोपी आहे, करायला अवघड. पुढच्या भेटीत फक्त विचारा आणि गप्प बसा. घरी आल्यावर स्वतःला तपासा: त्याच्याविषयी आज नवीन काय कळलं? काहीच सांगता येत नसेल तर सगळा वेळ आपणच बोललो.

चर्चची मराठी बोलणे

एकदा आमच्या एका बंधूंनी धरमपेठेतल्या बँकेत कॅशियरला विचारलं, “आपलं तारण झालंय का?” म्हणजे पापातून सुटका. तो म्हणाला, “कोणतं? सोने तारण पलीकडच्या काउंटरवर.” हसून सोडून दिलं, पण दोष कॅशियरचा नव्हता. आपण चर्चला बोलावताना ‘मंडळीत या’ म्हणतो आणि समोरच्याला मंडळी म्हणजे बायको वाटते. ‘साक्ष’ म्हटलं की कोर्ट. ‘अभिषेक’ म्हटलं की महादेवाची पिंड. ‘माझ्यावर तुमच्यासाठी ओझं आहे’ असं म्हटलं तर माणूस घाबरतो, उधारी मागायला आला की काय.

आपल्यात हे शब्द जरूर वापरा, त्यांना जुना अर्थ आहे. पण दाराबाहेर पडल्यावर तीच गोष्ट आईशी बोलतो तशी सांगता आली पाहिजे. मी पोरांना एक कसरत देतो: आपल्या विश्वासाबद्दल पाच मिनिटं बोला, आणि तारण, कृपा, पश्चात्ताप, आशीर्वाद हे शब्द एकदाही येऊ देऊ नका. पहिल्या मिनिटातच घाम फुटतो. मग एखादा म्हणतो, “मी घरी लई खोटं बोलायचो, आता जमत नाही.” हे कुणालाही कळतं.

दुसऱ्याच्या श्रद्धेला हात घालणे

नागपुरात हे फार जपायला हवं. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी इथे लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या दिवसाने ज्याच्या आजोबांची मान ताठ केली त्याला जाऊन ‘तुमच्याकडे देवच नाही’ म्हणणं हा अडाणीपणा आहे, उर्मटपणा तर आहेच. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लोक लांबून येतात, थकलेले असतात. पाणी वाटायचं असेल तर वाटा. त्या गर्दीत पत्रकं वाटू नका. तो त्यांचा दिवस आहे.

‘पण पौल तर मूर्तींविरुद्ध बोलला ना?’ हा प्रश्न हमखास येतो. मग प्रेषितांच्या कृत्यांचा सतरावा अध्याय नीट वाचा. अथेनैतल्या मूर्ती पाहून त्याचा जीव जळत होता, तरी सुरुवात त्याने त्या लोकांच्या धर्मशीलतेपासून केली आणि दाखला दिला तो त्यांच्याच कवीचा. दोन अध्याय पुढे इफिसात दंगल होते तेव्हा शहराचा अधिकारी पौलाच्या सोबत्यांबद्दल म्हणतो की यांनी देवळं लुटली नाहीत आणि आपल्या देवीची निंदाही केली नाही. हे बाहेरच्या माणसाने दिलेलं प्रमाणपत्र आहे. आपल्याबद्दल आपल्या गल्लीतला नगरसेवक असं म्हणेल का?

एका बौद्ध शेजाऱ्याने मला सरळ विचारलं होतं, “तुमच्या चर्चमध्ये जात पाहतात का?” तोंडावर उत्तर तयार होतं, ‘ख्रिस्तात सगळे एक.’ पण आमच्याकडे लग्न जमवताना आडनाव विचारलं जातं, आणि हे त्याला माहीत होतं. मी म्हणालो, “पाहतात. पाहायला नको, तरी पाहतात.” त्याने मान हलवली आणि चहा मागवला. त्यानंतरच खऱ्या गप्पा सुरू झाल्या. आपली लाज कबूल करायला जेवढा विश्वास लागतो तेवढा वादाला लागत नाही, असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असू शकतं.

प्रसादाचा प्रश्न याच्याच पोटातला. शेजारच्या काकू ताट घेऊन येतात. खायचा की नाही यावर आपल्यातच मतं वेगळी आहेत, पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात दोन्ही बाजूंना आधार सापडतो, त्यात मी पडत नाही. पण ताट दोन्ही हातांनी घ्या. खाणार नसाल तर त्यांच्या तोंडावर प्रेमाने सांगा, “काकू, आमच्यात घेत नाहीत, राग मानू नका,” आणि नाताळात त्यांच्याकडे फराळ पाठवायला विसरू नका. घेऊन मग मागच्या दाराने गाईला घालणं, हे काकूंना कळतंच.

मदतीला गळ लावणे

इथे दोन मिनिटं थांबा. 1954 मध्ये, नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं तेव्हा, सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरींच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. 1956 मध्ये तिचा अहवाल आला. मिशनच्या शाळा आणि दवाखाने धर्मांतरासाठी वापरले जातात, हा त्यातला मुख्य आरोप. अहवाल एकांगी आहे असं ख्रिस्ती लोकांनी तेव्हाही म्हटलं होतं. पण एखादी काकू मुर मेमोरियल या मिशनच्या दवाखान्यात झालेल्या आपल्या बाळंतपणाची आठवण सांगते आणि त्याच दमात तिचा जावई म्हणतो, ‘ते लोक फुकट काही देत नाहीत,’ तेव्हा हा संशय किती खोल गेलाय ते कळतं. तो आपण वाढवायचा का?

म्हणून माझा नियम: ज्या दिवशी तांदूळ दिले त्या दिवशी पत्रक द्यायचं नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. त्याने विचारलं, ‘तुम्ही हे का करता?’ तर उत्तर द्यावं, तेही एका वाक्यात.

मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या वॉर्डात भेटायला जाता तेव्हा लक्षात ठेवा, पेशंट उठून जाऊ शकत नाही. घरी बसलेला माणूस दार लावून घेतो, सलाइन लावलेला काय करणार? आधी विचारा, “प्रार्थना करू का?” नको म्हणाला तर पाण्याची बाटली भरून द्या आणि निघा. हो म्हणाला तर हळू आवाजात, एका मिनिटात. शेजारच्या खाटेवरही माणूस आहे. आणि ‘गोळ्या बंद करा, फक्त विश्वास ठेवा’ असं कुणी म्हणत असेल तर त्याला तिथल्या तिथे अडवा. मधुमेहाचं इन्सुलिन बंद केलं तर माणूस मरू शकतो. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

लहान मुलांना आईबापांना न सांगता सभेला नेऊ नका. खाऊ देऊन तर नाहीच.

कायद्याचंही थोडं माहीत असू द्या. घटनेचं कलम 25 धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपला धर्म समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवणं हा त्यातला हक्क नाही. सावनेर ओलांडून छिंदवाड्याकडे किंवा गोंदियाच्या पुढे राजनांदगावला गेलात की तिथल्या राज्यांचे वेगळे कायदे लागू होतात. जबरदस्ती, फसवणूक, आमिष यांवर तिथे गुन्हा दाखल होतो. तसं पाहिलं तर या तिन्ही गोष्टी येशूनेही कधी केल्या नाहीत. श्रीमंत तरुण दुःखी होऊन निघून गेला तेव्हा तो त्याच्यामागे सवलत घेऊन धावला नाही.

भोंगा आणि मोबाइल

बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या 27 व्या अध्यायात आहे: पहाटे उठून मोठ्याने मित्राला आशीर्वाद देणाऱ्याचा आशीर्वाद शापच समजला जातो. व्हॉट्सअ‍ॅप तेव्हा नव्हतं, तरी लिहिणाऱ्याने सगळं ओळखलं होतं. सकाळी साडेपाचला कॉलनीच्या ग्रुपवर वचन टाकणं बंद करा. पाण्याचा टँकर कधी येतो हे पाहायला लोक तो ग्रुप उघडतात.

वादात जिंकणे

जिंकलेला वाद म्हणजे हरलेला शेजारी. ‘मला हे माहीत नाही, विचारून सांगतो’ एवढं म्हणता आलं तर पुष्कळ झालं. आणि खरंच विचारून सांगा.

कॉलनी पाहत असते

मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि टँकरपुढे रांग लागते. तिथे तुम्ही कसे वागता ते सगळे पाहतात. मोलकरणीचे पैसे किती तारखेला देता, पार्किंगवरून कसे भांडता, मेंटेनन्स थकवता का, हे तुमच्या उपदेशाआधी घरोघरी पोचलेलं असतं. गलतीकरांच्या पत्रातली आत्म्याची नऊ फळं आपण तोंडपाठ म्हणतो. त्यातलं सहनशीलता हे फळ कुठे लागतं? माझ्या मते टँकरच्या रांगेत.

घाबरून गप्प बसणे

वरचं वाचून कुणी म्हणेल, मग बोलायचंच नाही का? ही उलटी चूक आजकाल जास्त दिसते, विशेषतः नोकरीतल्या तरुणांत. नाताळात ऑफिसात करंज्या आणि चकल्या नेतात. कुणी विचारतं, “तुमचा हा सण नक्की कशाचा?” आणि उत्तर येतं, “काही नाही, आमची दिवाळी समजा.” अरे, त्याने स्वतःहून विचारलं होतं! पेत्राने म्हटलंय, विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. विचारलं तर सांगा, दोन वाक्यांत सांगा: देव गोठ्यात जन्माला आला असं आम्ही मानतो, आणि त्यामुळे गरिबाकडे पाहायची आमची नजर बदलायला हवी. मग ‘अजून करंजी घ्या’ म्हणा. पुढचा प्रश्न आला तर ठीक. नाही आला तर करंजी तरी संपली.

आणि समोरचा नाही म्हणाला तर? तिथेच सगळं ठरतं. नकारानंतर तुमचा नमस्कार जरासा थंड झाला, दिवाळीचा फोन राहून गेला, तर तो समजतो की यांना मी नको होतो, माझा होकार हवा होता. मला हे कळायला फार वर्षं लागली.

तो शेजारच्या टेबलावरचा मित्र. दीड वर्षानंतर मी त्याच्यापाशी जाऊन माफी मागितली. पत्रकाची नाही, वेळेची. तो म्हणाला, “जाऊ दे ना बाप्पा,” आणि डबा उघडला. धर्मावर आम्ही पुन्हा बोललो नाही. तो दर चतुर्थीला टेकडीच्या गणपतीला जातो, अजूनही. मागच्या वर्षी त्याच्या बायकोचं ऑपरेशन होतं. रात्री अकराला फोन आला.

“प्रार्थना करजो तिच्यासाठी,” तो म्हणाला. “पण मोठ्यानं नोको.”