मूल शाळेला नको म्हणतंय? या चुका टाळा

शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं, दहा वाजता थांबतं आणि रविवारी दुखतच नाही. म्हणून ‘नाटकं करतोय’ असा शिक्का मारू नका. भीतीने पोट खरंच दुखतं, मळमळतंही. एकदा डॉक्टरांना दाखवा. आजार नाही असं ठरलं की घरात नियम करा: ताप किंवा जुलाब असेल तर सुट्टी, नुसती पोटदुखी असेल तर शाळा. हा नियम आदल्या रात्री सांगायचा. सकाळी सात वाजता वाटाघाटी नकोत.

सगळ्यात महागात पडते ती ‘राहू दे दोन दिवस घरी, होईल आपोआप’ ही चूक. समजा, सहावीतली मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर अडून बसली. घरी राहिली, पोट थांबलं. मग टीव्ही, मोबाइल, वर आजीच्या हातचा शिरा. शाळा टळली की बरं वाटतं, एवढंच ती शिकली. तिसऱ्या दिवशी या भीतीला राहून गेलेल्या गृहपाठाची आणि ‘कुठे होतीस?’ या प्रश्नाची भर पडते. दुसऱ्या आठवड्यात दप्तर बघूनच रडू फुटतं.

घरी राहिलीच, तर शाळेच्या वेळेत टीव्ही-मोबाइल बंद आणि दुपारची झोपही नाही. ही शिक्षा नव्हे. घर शाळेपेक्षा मजेचं वाटू नये, इतकंच. मग पायऱ्या. आधी गणवेश घालून फाटकापर्यंत जाऊन परत. नंतर तिच्या आवडीचा एक तास, चित्रकला किंवा पीटी. मग मधल्या सुट्टीपर्यंत, शेवटी पूर्ण दिवस. प्रत्येक पायरीवर दोन-तीन दिवस थांबा. फाटकावर रोज एकच ठरलेल्या बाई भेटतील असं शाळेशी बोलून ठेवा. ‘कुठे होतीस?’ला ‘बरं नव्हतं, आता बरी आहे’ हे उत्तर घरी चार वेळा म्हणवून घ्या. दोन दिवस बरे गेले की पालकांना लगेच पूर्ण दिवसाची घाई होते आणि सगळं मुसळ केरात जातं.

‘का जायचं नाही?’ असं विचारलं तर ‘माहीत नाही’ हेच उत्तर मिळतं. नेमकं विचारा: बसमध्ये कुणाशेजारी बसतोस? डबा कुणाबरोबर खातोस? शौचालयाला जातोस का? घाणेरड्या शौचालयापायी दिवसभर लघवी रोखणारी मुलं कमी नाहीत. मारहाण किंवा अपमान निघाला तर पायऱ्या बाजूला ठेवा, आधी शाळा गाठा. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी आहे. तिसरी-चौथीतही वाचन अडखळत असेल तर डोळे आणि अध्ययन अक्षमता (वाचन-लेखन शिकण्यातली अडचण) तपासून घ्या, शिकवणी वाढवू नका.

बालवाडीत नजर चुकवून सटकू नका. निरोप घ्या, अर्ध्या मिनिटात निघा.

मोबाइलचं आमिष नको. भाव दर आठवड्याला वाढतो.

जेवण-झोप उडाली किंवा मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा.

मोठ्या सुट्टीनंतर मूल पुन्हा अडेल. तेव्हा एकच पायरी खाली उतरा, पार फाटकापासून सुरुवात नको.