कॅम्परचा स्टिरिओ बदलताय? या चुका टाळा

गाडीतली गाणी इंजिन चालू असताना वाजतात, कॅम्परमधली, म्हणजे आत राहण्याची सोय केलेल्या गाडीतली, इंजिन बंद करून चहा ठेवल्यावर. कार ऑडिओवाल्याने आयुष्यभर पहिलंच काम केलेलं असतं. आपण बजावून सांगितलं नाही, तर आपल्या ट्रॅव्हलरमध्येही तो तेच करून देतो. माझ्या गाडीत तसंच झालं. गुहागरला चावी एक खटका फिरवून रात्री उशिरापर्यंत गाणी लावली, तशीच चालू ठेवून झोपलो आणि सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक्-टक्. शेवटी एका बोलेरोवाल्याने केबल लावून गाडी चालू करून दिली.

स्टिरिओची पिवळी वायर कायमच्या सप्लायची आणि लाल चावीवरची. माझ्याकडे दोन्ही इंजिनाच्या बॅटरीवर होत्या. कॅम्परमध्ये त्या मागच्या, म्हणजे दिवे-पंख्याच्या बॅटरीवर घ्यायच्या, दोन्हींना फ्यूज द्यायचा आणि लाल वायरमध्ये एक साधं बटण टाकायचं. मोठ्या बसचा कॅम्पर केला असेल तर आधी मल्टिमीटर लावून बघा. तिथे २४ व्होल्ट असू शकतात आणि कारचा स्टिरिओ त्यावर जळतो.

खोक्यावरच्या '५० वॅट × ४' वर जाऊ नका. स्टिरिओच्या मागे १० अँपिअरचा फ्यूज असेल, तर १४.४ व्होल्टला तो आत घेणार १४४ वॅट. मग सतत २०० वॅट बाहेर येणार कुठून? तो आकडा क्षणभराचा. प्रत्येक चॅनेलला, म्हणजे स्पीकरच्या प्रत्येक जोडणीला, खरे १५ ते २० वॅट मिळतात, आणि माझ्या मते एवढ्याशा खोलीला ते भरपूर होतात. पैसे चांगल्या स्पीकरवर घाला. सबवूफरचा हट्ट असेल तर घ्या, पण निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि गावाबाहेर शेताच्या कडेला गाडी लावली तरी कोणीतरी झोपलेलं असतंच.

वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घेतलात तर वायरमध्ये काटकसर नको. बॅटरी मागे आणि अ‍ॅम्प पाच मीटरवर पुढे, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरमधून ३० अँपिअर ओढले तर दोन व्होल्ट वाटेतच संपतात. बेसचा ठोका आला की दिवे मंद होतात आणि अ‍ॅम्प प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःहून बंद पडतो. तीच वायर दहा स्क्वेअर एमएमची असली की अर्ध्या व्होल्टवर भागतं. विकत घेण्याआधी एक तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, दुकानदार काहीही सांगो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर हवा. वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर गाडी पेटू नये म्हणून तो असतो, त्यामुळे त्याचा आकडाही वायरच्या जाडीवरून ठरवायचा. आणि पीळ देऊन काळी टेप मारलेले जोड कोकणात एक पावसाळाही धड काढत नाहीत. क्रिंप करून, म्हणजे धातूच्या नळीत पक्कडीने दाबून, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

आता सर्वांत डोकं खाणारा प्रकार, घुईं आवाज. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर त्याची पट्टी वर जात असेल तर तो अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा. बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा निघतो: स्टिरिओची अर्थ एकीकडे, अ‍ॅम्पची दुसरीकडे, तीही रंगावर बसवलेल्या स्क्रूला. रंग खरवडून दोन्ही एकाच जागी बांधा. स्टिरिओकडून अ‍ॅम्पकडे आवाजाचा सिग्नल नेणारी आरसीए केबल पॉवरच्या वायरला चिकटून गेली असेल तर दुसऱ्या बाजूने न्या. पण इंजिन बंद असतानाही आवाज येत असेल तर तो कॅम्परचा खास आजार. सोलरचा कंट्रोलर, इन्व्हर्टर, फ्रिज, एलईडी दिवे, स्वस्तातला मोबाइल चार्जर, एकेक बंद करत जा. माझ्याकडे चोर चार्जर निघाला. एफएमवरची खरखरही त्याच्याचमुळे होती.

स्पीकर प्लायला गोल भोक पाडून तसाच बसवू नका. कोनच्या, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या, मागून निघालेला आवाज पुढच्याला मारतो आणि बेस गायब होतो. मागे बंद खोका करा. तरीही आवाज पोकळ वाटला तर एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागलेले असतील. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला असताना कोन बाहेर यायला हवा. स्पीकरची मायनस बॉडीला कधीच टेकवायची नाही. चार ओहमचे दोन स्पीकर एकाच चॅनेलवर समांतर जोडले की दोनच ओहम उरतात, तेही बहुतेक स्टिरिओंना झेपत नाहीत.

एवढं करूनही बेसबरोबर काहीतरी खडखडतच होतं. मी दोनदा स्पीकर उघडून पाहिला. वाजत होता मिसळणाच्या डब्यातला चमचा.