हॅलोविनचं कार्ड रंगवायला बसण्याआधी

सगळ्यात आधी चित्रात उजेड कुठून येणार ते ठरवून ठेवा. डिजिटल स्टॅम्प म्हणजे फाइल म्हणून विकत घेऊन, प्रिंट काढून रंगवायचं रेघांचं चित्र. त्याची रेघ दुसऱ्या कुणीतरी काढलेली असते आणि तीच रेघ आणखी कितीतरी जणांनी विकत घेतलेली असते. आपला हात दिसतो तो फक्त छायाप्रकाशात. हॅलोविनच्या चित्रात तर मजाच उजेडाची आहे, कारण दिवा कोरलेल्या भोपळ्याच्या पोटात असतो. डोळे आणि तोंड सगळ्यात फिकट पिवळे, त्यांच्या कडेला नारिंगी, सालीच्या बाहेरच्या बाजूला गडद विटकरी. शेजारच्या मांजराच्या छातीवर आणि कुंपणाच्या फळीवरही त्या उजेडाची तांबूस कड यायला हवी. चित्रात चंद्र असेल तर हिशेब बदलतो, सावल्या जांभळट होतात आणि उजेड वरून येतो. दोन्ही असतील तर त्यातला मुख्य कुठला, तेही ठरवून घ्या. फाइलची एक साधी प्रिंट काढून तिच्यावर पेन्सिलीने बाण करून ठेवा. हा कागद शेवटपर्यंत समोर लागतो.

चित्र निवडताना मोकळ्या जागा असलेलं घ्या. आधीच काळ्या रेघांनी भरून टाकलेल्या वाड्यात मार्करला काही कामच उरत नाही. मोठा भोपळा, वटवाघूळ, घुबड, चादरीतलं भूत, चेटकिणीची टोपी एवढं पुरे. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. हॅलोविनच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या, दुसऱ्याच दिवशी सर्व संतांचा सण असतो आणि २ नोव्हेंबरला आपल्या बेळगावच्या कॅम्पातली ख्रिस्ती कुटुंबं आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. कार्ड अशा घरी जाणार असेल तर क्रूस असलेल्या थडग्यांचं चित्र नकोच. भोपळा कुठेही चालतो. आयर्लंडमध्ये पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत, तिथली माणसं अमेरिकेत गेल्यावर त्याची जागा भोपळ्याने घेतली. तेव्हा सलगमाचं चित्र मिळालं तर तेही बिनधास्त घ्या.

फाइल विकत घेतल्यावर तिच्यासोबतच्या अटी वाचा. स्वतःच्या कार्डासाठी वापरायला परवानगी असते, हाताने केलेली थोडी कार्डं विकायलाही काही चित्रकार हरकत घेत नाहीत, पण फाइल पुढे पाठवायची नसते. भिशीच्या ग्रुपवर ‘घ्या सगळ्यांनी’ म्हणून टाकली की त्या चित्रकाराच्या पोटावर पाय येतो. मग आकार बघा. ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) तीन इंच रुंद चित्र हवं तर फाइल किमान ९०० पिक्सेल रुंद लागते. लहान फाइल ताणली की रेघेला दातरे पडतात आणि ते रंगाने झाकत नाहीत.

आता कागद. कार्डाचा पाया आणि रंगवायचा तुकडा हे दोन वेगळे कागद ठेवा. पायाला २५० ते ३०० जीएसएमचं (एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचं) कार्डशीट घ्या. ए-४ मधोमध कापून दुमडलं की १०५ बाय १४८ मिलिमीटरचं कार्ड होतं आणि ते सी-६ पाकिटात नीट बसतं. रंगवायला गुळगुळीत, पांढराशुभ्र, प्रिंटरला झेपेल असा जाड कागद लागतो. खरखरीत ड्रॉइंग पेपर मार्करची शाई पितो आणि रंग रेघेबाहेर पसरतो. चकचकीत फोटो पेपरवर उलट शाई मुरतच नाही. खडेबाजारात, गणपत गल्लीत स्टेशनरीची दुकानं धुंडाळताना एकदम गठ्ठा घेऊ नका, एकेक ताव मागा. काउंटरवर कन्नड बोलणारा मुलगा असेल तर ‘दप्प पेपर’, म्हणजे जाड कागद, म्हटलं की काम होतं. ऑक्टोबरात आपल्याकडे परतीचा पाऊस रेंगाळतो आणि उघडा ठेवलेला कागद वाकडा होतो, म्हणून तो प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सपाट ठेवा.

प्रिंटचं काम सगळ्यात नाजूक, इथे घाई करू नका. घरचा इंकजेट असेल तर प्रिंट रात्रभर वाळू द्या. पाण्यावरचे स्केचपेन अशा रेघेवर फिरवले की काळं पसरतं. अल्कोहोल मार्करने, म्हणजे ज्याची शाई पाण्याऐवजी अल्कोहोलमध्ये असते त्याने, सहसा तितका त्रास होत नाही. झेरॉक्सच्या दुकानातल्या लेझर प्रिंटचं गणित वेगळं, तिथे काही मार्कर टोनर (लेझर प्रिंटची काळी पूड) विरघळवतात आणि मार्करचं टोकही काळं करतात. म्हणून तोच कागद, तीच प्रिंट आणि तोच मार्कर एकत्र करून कोपऱ्यात घासून बघितल्याशिवाय खऱ्या चित्राला हात लावायचा नाही. दुकानात फाइल पेनड्राइव्हवर न्या. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबून लहान केलं जातं, पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आत छापायचा मजकूर वेगळ्या फॉन्टमध्ये असेल तर पीडीएफ करूनच न्या, नाहीतर जोडाक्षरं तुटतात. ‘अॅक्चुअल साइज’वर, म्हणजे फाइलच्या मूळ मापातच, प्रिंट मारायला सांगा, एका तावावर चार चित्रं बसवा, आणि निघताना त्यांच्या संगणकावरून फाइल पुसून घ्या.

मार्करचा मोठा संच नसला तरी चालतं. नारिंगीच्या तीन छटा, जांभळ्याच्या दोन, थंड करड्याच्या दोन, एक फिकट पिवळा आणि एक हिरवा एवढ्यात अख्खं कार्ड होतं. छटा टोपणाच्या रंगावरून निवडू नका. त्याच कागदावर चौकोन रंगवून, वाळवून, खाली नाव लिहून ठेवा. ओला रंग आणि वाळलेला रंग यांत बराच फरक पडतो. काळ्या मांजराला काळा मार्कर लावायचा मोह होतो, पण मग त्याचं अंग सपाट दिसतं. गडद करडा आणि निळा वापरा, पाठीवर उजेडाची पट्टी कोरी सोडा, काळा फक्त पोटाखाली. भुताची चादर तर जवळजवळ कोरीच ठेवायची, घड्यांमध्ये तेवढा करडा. रंग ओला असतानाच गडद छटेच्या कडेवरून फिकट मार्कर गोल फिरवला की जोड नाहीशी होते, त्यामुळे एका भागाचे सगळे मार्कर आधीच काढून ओळीने मांडा.

टेबलावर कामाच्या कागदाखाली दोन जाड रद्दी कागद हवेतच, अल्कोहोल मार्कर आरपार जातो. खिडकी उघडी ठेवा. दोन्ही बाजूंना टोक असलेले मार्कर आडवे ठेवा. चमकेसाठी पांढरा जेल पेन लागतो, पण तो रंग पूर्ण वाळल्यावरच.

जोडायला डबल टेप बरा, पातळ गोंदाने कागद फुगतो. पोस्टाने जाणार असेल तर फोमचे उंचवटे टाळा, शिक्का मारताना ते चेपतात. आतला मजकूर मला मराठीतच आवडतो: ‘अंधाराला भ्यायचं नाही, भोपळ्यात दिवा लावलाय!’

खरेदी आणि प्रिंट ऑक्टोबरच्या मध्यालाच उरकून घ्या. दिवाळी पुढेमागे त्याच सुमाराला येते, मग दुकानांत उभं राहायला जागा नसते. ३१ तारखेला संध्याकाळपासून बेळगावात राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटक राज्याच्या स्थापना दिनाची, गर्दी, १ नोव्हेंबरला मिरवणूक आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन, त्यामुळे त्या दोन दिवसांत कुठलंच काम ठेवू नका. परदेशातल्या भाचरांना पाठवायचं असेल तर आणखी लवकर. पाकीट बंद करून पोस्टाच्या खिडकीवर वजन करून घ्या आणि सांगतील तेवढी तिकिटं तिथेच लावा.