मॅकवर प्रोग्रॅमिंग शिकायला पुस्तक घेताय? या चुका टाळा

मॅकसाठी ॲप बनवायला शिकायचं ठरवलं की सगळ्यात आधी आपण पुस्तक शोधतो आणि पहिली चूक पण तिथंच होते. मी असंच एक जाडजूड पुस्तक घेऊन बसलो होतो, सगळ्यांनी कौतुक केलेलं, आणि पहिल्याच आठवड्यात एक्सकोडने (ॲप बनवायचं ॲपलचं सॉफ्टवेअर) इतके लाल एरर दाखवले की वाटलं हे आपल्या डोक्याबाहेरचं काम आहे. तसं काही नव्हतं हो, पुस्तक जुनं होतं आणि माझं एक्सकोड नवीन, एवढंच. लेखकाने एक अक्षर चुकीचं लिहिलं नव्हतं.

त्यामुळे पुस्तक चांगलं का वाईट हे नंतर बघा, आधी ते तुमच्या एक्सकोडशी जुळतंय का ते बघा.

कव्हरवर स्विफ्ट दिसलं म्हणून घेतलं

ही चूक सगळ्यात जास्त होते. स्विफ्ट ही ॲपलची प्रोग्रॅमिंग भाषा, तिची बहुतेक पुस्तकं आयफोन डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली असतात. भाषा तीच, पण आयफोनवर बटणं, खिडक्या, रंग वगैरे यूआयकिट या तयार कोडच्या संचातून येतात आणि मॅकवर ॲपकिट नावाच्या संचातून. मॅकच्या साध्या प्रोजेक्टमध्ये पुस्तकातला कोड टाकला आणि 'नो सच मॉड्युल यूआयकिट' आलं तर समजायचं की पुस्तक दुसऱ्या गावचं आहे. बरं, नुसतं यूआय काढून एनएस लावलं की झालं असंही नाही, यूआयकलरच्या जागी एनएसकलर चालून जाईल पण एनएसव्ह्यूमध्ये (मॅकच्या विंडोतला चित्र काढायचा चौकोन) शून्य बिंदू खाली डाव्या कोपऱ्यात असतो आणि आयफोनवर वर डाव्या कोपऱ्यात, म्हणजे कोड चालतो, एरर येत नाही आणि चित्र मात्र उलटं दिसतं, मग बसा शोधत. (यावर उपाय म्हणजे व्ह्यूमध्ये इजफ्लिप्ड ओव्हरराइड करून ट्रू द्यायचं.) विकत घ्यायच्या आधी अनुक्रमणिका आणि मागची शब्दसूची चाळा, ॲपकिट, मेनू बार, एकापेक्षा जास्त विंडो हे शब्द कुठेच दिसले नाहीत तर ते मॅकचं पुस्तक नाही.

साल न बघणं

स्विफ्ट आली 2014 मध्ये आणि पहिली दोन-तीन वर्षं ती एवढी बदलली की त्या काळातली पुस्तकं आज भाषा शिकायला घेऊच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. 2015 ला प्रिंटएलएन (मजकूर छापून दाखवायची आज्ञा) गेलं, 2016 च्या स्विफ्ट 3 मध्ये ++ (आकडा एकने वाढवायची खूण) आणि सी स्टाइलचा फॉर लूप गेला, शिवाय ढीगभर फंक्शनची नावं बदलली. पुस्तकात ++ दिसलं की खाली ठेवा. 2019 च्या स्विफ्ट 5 नंतरचं असेल तर भाषेचा भाग बऱ्यापैकी चालतो.

त्याहून जुनी पुस्तकं म्हणजे ऑब्जेक्टिव्ह-सी या स्विफ्टच्या आधीच्या भाषेची. त्यात पानोपानी रिटेन आणि रिलीज (मेमरी हाताने धरायच्या-सोडायच्या आज्ञा) दिसत असेल तर ते 2011 ला एआरसी (हे काम आपोआप करणारी सोय) यायच्या आधीचं आहे, आता कंपायलर 'एआरसी फॉरबिड्स' म्हणून सरळ अडवतो. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये एआरसी बंद करून ते चालवता येतं, पण शिकताना तो खटाटोप कशाला? मेमरीचा विचार मात्र सोडू नका, दोन ऑब्जेक्ट एकमेकांना धरून बसले तर आजही दोन्ही सुटत नाहीत आणि वीक (घट्ट न धरणारा दुवा) कुठे लावायचं हे कळावंच लागतं.

आता उलटी बाजू, जी कोणी सांगत नाही. मॅक जुना असेल तर सगळ्यात नवीन पुस्तकही अंगाशी येतं. एक्सकोड 16 ला मॅकओएस 14.5 लागतं, आणि स्विफ्टडेटा (डेटा साठवायची ॲपलची सोय) वापरणारं ॲप मॅकओएस 14 च्या खाली चालतच नाही. तुमचा मॅक तिथपर्यंत जात नसेल तर दोन-तीन वर्षं जुनी आवृत्तीच तुमच्यासाठी बरोबर. आधी एक्सकोडचा नंबर बघा, मग पुस्तक.

पुस्तकातली फाइल माझ्याकडे दिसतच नाही

नवीन प्रोजेक्ट करताना एक्सकोड इंटरफेस विचारतं: स्विफ्टयूआय, स्टोरीबोर्ड का एक्सआयबी (खिडक्या-बटणं मांडायच्या तीन पद्धती). आपण घाईत नेक्स्ट नेक्स्ट करतो, स्विफ्टयूआय निवडलं जातं, पुस्तक स्टोरीबोर्डचं असतं, आणि मग ॲपडेलिगेट नावाची फाइल कुठंय म्हणून तासभर शोधाशोध. प्रोजेक्ट डिलीट करा आणि पुस्तकात आहे तोच पर्याय निवडून परत सुरू करा. स्क्रीनशॉट जुळत नाहीत म्हणून लगेच घाबरू नका, बटणं ठेवायची लायब्ररी आधी उजवीकडे खाली असायची, 2018 च्या एक्सकोड 10 पासून कमांड-शिफ्ट-एल दाबलं की उघडते.

आणि हा त्रास तर जवळपास प्रत्येकाला होतो: कोड पुस्तकातल्यासारखाच, एरर नाही, पण इंटरनेटवरून डेटा येत नाही. एक्सकोड नवीन मॅक ॲपला सँडबॉक्स (परवानगीशिवाय नेट, फाइल वापरू न देणारं कुंपण) लावूनच देतं. टार्गेट, साइनिंग अँड कॅपॅबिलिटीज, तिथे आउटगोइंग कनेक्शन्सवर टिक करा. पत्ता एचटीटीपीएस नसून नुसता एचटीटीपी असेल तरी अडतं, ते वेगळं. फाइल वाचताना परवानगी नाही असं आलं तर तिथेही बहुतेक वेळा सँडबॉक्सच असतो.

सगळंच गोळा करणं

पाच पुस्तकं, तीन व्हिडिओ कोर्स, आणि प्रत्येकाचं पहिलं प्रकरण पाठ. मी पण केलंय हे. भाषेसाठी ॲपलचं स्विफ्टचं पुस्तक फुकट आहे आणि ते अपडेट होत राहतं, त्यात विंडो, बटण काहीच नाही, म्हणून जोडीला मॅकचं एकच पुस्तक, बास. ॲपलच्या जुन्या गाइडवर आता अपडेट होत नाही अशी पट्टी दिसते म्हणून लोक लगेच बंद करतात. कोड तिथून उचलू नका, पण रिस्पॉन्डर चेन (क्लिक किंवा की दाबल्याचा संदेश ॲपमध्ये कोणाकडून कोणाकडे जातो) म्हणजे काय हे नवीन पानांवर इतकं सावकाश समजावलेलं मला तरी सापडलं नाही.

व्हिडिओत वेगळाच घोळ, त्यात शोधता येत नाही. एखादं फंक्शन डेप्रिकेटेड (जुनं झालं, वापरू नका) दाखवलं तर व्हिडिओ मागेपुढे करण्यापेक्षा त्या नावावर ऑप्शन धरून क्लिक करा, बदली काय वापरायचं ते बऱ्याचदा तिथेच लिहिलेलं असतं.

ज्यांना ॲप वगैरे नकोय, नुसतं पायथन शिकायचंय त्यांनी पण बघा, प्रिंटला कंस नसलेलं पुस्तक पायथन 2 चं आहे, आणि पायथन 2 मॅकओएस 12.3 पासून सिस्टिममधून काढून टाकलंय, टर्मिनलमध्ये पायथन3 टाइप करा. आणि पुस्तक बॅश प्रोफाइलमध्ये ओळ टाका म्हणत असेल आणि काहीच होत नसेल तर 2019 च्या कॅटलिनापासून नवीन अकाउंटला बॅशऐवजी झेडशेल (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) असतो, तीच ओळ डॉट झेडएसएचआरसी फाइलमध्ये टाका आणि टर्मिनल बंद करून परत उघडा.